घरी बीपी मोजायचं कसं: यंत्र घेण्यापासून डॉक्टरांसमोर वही ठेवेपर्यंत

घरात कुणाला पहिल्यांदा बीपी निघालं की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि जाता जाता सांगतात, "घरी मोजत जा." ओपीडीबाहेर रांग असते. यंत्र कोणतं घ्यायचं, कधी मोजायचं, हात कुठे ठेवायचा, किती आकडा आला तर फोन करायचा, हे विचारायचं राहूनच जातं. माझ्या आईला गोळी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे नेमकं हेच झालं. सकाळी १५२, चहानंतर १६०, दुपारी शेजारच्या काकूंच्या यंत्रावर १३४. प्रत्येक आकड्यागणिक घरात नवं मत. कुणी म्हणे गोळी वाढवा, कुणी म्हणे यंत्रच खराब आहे.

यंत्र ठीक होतं आणि तिन्ही आकडे त्या त्या वेळेपुरते खरे होते. बीपी दिवसभर वरखाली होत असतं. जिना चढलात, चहा घेतलात, फोनवर आवाज चढवलात, लघवी तुंबवून बसलात, तरी ते बदलतं. म्हणून एकट्यादुकट्या आकड्यावरून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. एकाच पद्धतीने आठवडाभर घेतलेल्या नोंदींची सरासरी डॉक्टरांच्या उपयोगाची असते. ती कशी मिळवायची, ते क्रमाने सांगते. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांच्या हातात भरवशाचे आकडे देणं एवढं मात्र आपल्याला घरबसल्या करता येतं.

काय काय लागेल

- दंडावर पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र आणि चांगले सेल (किंवा अ‍ॅडॅप्टर)
- शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, दंडाचा घेर मोजायला
- पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि टेबल
- एक वही आणि तिला बांधलेलं पेन

१. दोन आकडे कशाचे, ते आधी समजून घ्या

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं, तेव्हा धमन्यांत जो दाब असतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. यंत्रावर तिसरा आकडा दिसतो तो नाडीचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडले त्याचा. बरेच जण घाईत तोच खालचा आकडा म्हणून लिहून ठेवतात. वहीत तीन वेगळे रकाने आखा म्हणजे गोंधळ होणार नाही.

"मला काही होत नाही, मग बीपी कसं असेल?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. वाढलेलं बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं आणि डोकं शांत असलं की बीपी ठीक, असा हिशेब करू नका. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा यांचं नुकसान वर्षानुवर्षं गुपचूप होत राहतं, आणि ते रोखण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

२. यंत्र घ्या, पण दंडाचं माप घेऊन मगच

दंडावर बांधायचं यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं आटोपशीर असतात, पण मनगट हृदयाच्या पातळीपासून जरा वरखाली झालं की आकडा बदलतो. वयस्कर माणसांना रोज तो नेम साधणं कठीण जातं. पट्टा न बांधता, नुसत्या बोटावरून किंवा घड्याळातून बीपी सांगणाऱ्या साधनांवर औषधाचा निर्णय सोपवू नका. डॉक्टरांकडे असायचं तसं पाऱ्याचं यंत्रही घरात नको. ते वापरायला कान तयार लागतो, आणि फुटलं तर पारा विषारी.

दुकानात जाण्याआधी दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, मोठा ३२ ते ४२ साठी. काही यंत्रांसोबत २२ ते ४२ पर्यंत चालणारा एकच पट्टा येतो. माप पट्ट्यावर छापलेलं असतं, ते वाचून घ्या. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि त्यापायी एखाद्याला नको असलेली गोळी लागू शकते. दुकानदार "सगळ्यांना हाच बसतो" म्हणाला तरी मोजपट्टी काढा.

अचूकतेची तपासणी झालेल्या यंत्रांची यादी 'स्ट्राइड बीपी' ही आंतरराष्ट्रीय ना-नफा संस्था प्रसिद्ध करते. तुम्ही घेत असलेलं नेमकं मॉडेल तिथे आहे का ते बघा. नुसती कंपनी ओळखीची असून भागत नाही. ब्लूटूथ, बोलणारा आवाज, रंगीत पडदा यांवर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. घरात दोघांना मोजायचं असेल तर दोन व्यक्तींची वेगळी नोंद ठेवणारं यंत्र सोयीचं पडतं. बिल आणि वॉरंटीचं कार्ड यंत्राच्या पिशवीतच ठेवा.

यंत्र घेतल्यावर पुढच्या भेटीला ते डॉक्टरांकडे न्या. तिथे त्यांच्या आणि तुमच्या यंत्रावर पाठोपाठ मोजून बघा. चार-पाचचा फरक चालतो. फरक फार वाटला तर डॉक्टरांना दाखवून यंत्र बदलून घ्या. पुढे वर्षातून एकदा असं पडताळून पाहा.

३. मोजण्याआधीचा अर्धा तास

मोजण्याआधी ३० मिनिटं चहा-कॉफी नको, जेवण नको, व्यायाम नको, आणि तंबाखू कोणत्याही रूपात नको. तंबाखू म्हटलं की लोकांना विडी-सिगारेट आठवते. आपल्याकडे कितीतरी आज्या, मावश्या सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावतात आणि ती तंबाखूत धरतच नाहीत. "तुम्ही तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या मनापासून "नाही" म्हणतात. मशेरीतलं निकोटिनही काही वेळ बीपी वाढवतं. सुटली तर उत्तमच. ती सुटेपर्यंत निदान मोजण्याच्या आधी नको.

लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहा-पंधराने सहज चढतो. अंघोळ, देवपूजा, केर-वारे असं काही केलं असेल तर आधी थोडं टेका. मग खुर्चीत ५ मिनिटं शांत बसा. ही पाच मिनिटं सगळेच गाळतात आणि तिथेच आकडा बिघडतो. बातम्या बंद, मोबाईल बाजूला, आणि घरातल्यांनी त्या वेळी वीजबिलाचा विषय काढायचा नाही.

४. बसायचं कसं: सगळ्यात जास्त चुका इथेच

पाठ खुर्चीला टेकलेली हवी. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय टाकायचा नाही. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून, पाठीला आधार नसताना मोजलेला आकडा जास्त येतो. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तरी मोजण्यापुरतं खुर्चीत बसा.

हात टेबलावर आरामात ठेवा, तळवा वर, मूठ सैल. पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीला यायला हवा, म्हणजे साधारण छातीच्या मधोमध. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी घातलेला टॉवेल किंवा उशी घ्या. इथलं गणित सोपं आहे. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर आकडा सात-आठने जास्त दिसतो, तेवढाच वर असला तर तेवढाच कमी. हात मांडीवर ठेवून मोजणाऱ्यांचं बीपी विनाकारण वाढलेलं दिसतं ते यामुळेच. हात हवेत धरला तर स्नायूंवर ताण येऊन आकडा वाढतो.

पट्टा उघड्या त्वचेवर बांधा. स्वेटरवर, सदऱ्याच्या बाहीवर नाही. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली की तीच दंडाला आवळते. त्यापेक्षा तो हात बाहीतून काढून घ्या किंवा मोजताना सैल गाऊन घाला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा आणि पट्ट्यावरची खूण हाताच्या आतल्या बाजूला आणा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत तो घट्ट असावा.

यंत्र सुरू झालं की बोलायचं नाही. यंत्र पट्ट्यात हवा भरून धमनी दाबतं, मग हवा सोडत असताना धमनीच्या भिंतीची थरथर टिपून त्यावरून आकडे काढतं. बोललात, खोकलात, बोटं हलवलीत तर तीही थरथर त्यात मिसळते. नुसत्या बोलण्यानेसुद्धा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. "अगं, किती आलं?" हा प्रश्न पट्टा सैल झाल्यावर विचारा.

दोन अपवाद आताच सांगते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या (म्हणजे शीर आणि धमनी जोडलेल्या) हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही.

५. पहिल्या दिवशी दोन्ही हात

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. थोडा फरक असतोच. ज्या हातावर आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर 'उजवा' किंवा 'डावा' असं ठळक लिहा. पुन्हा पुन्हा मोजूनही वरच्या आकड्यात १५ किंवा त्याहून जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण एका हाताची रक्तवाहिनी अरुंद झाली असण्याची शक्यता ते तपासून बघतील.

६. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ

सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत, लघवीला जाऊन आल्यावर, बीपीची गोळी आणि नाश्ता घेण्याआधी मोजा. संध्याकाळी जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज एकाच वेळी. प्रत्येक वेळी दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट थांबून. दिवसाला चार नोंदी होतात, सात दिवसांच्या २८.

गोळीआधी मोजायचं कारण असं, की कालच्या गोळीचा असर चोवीस तास टिकतो का, हे त्यावरून कळतं.

आलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा लिहा. जास्त आला म्हणून खोडायचा नाही, आवडेपर्यंत परत परत मोजायचं नाही. १३८ आला तर १३८ लिहा, १४० नको. शेवटच्या रकान्यात दोन शब्द: 'रात्री झोप नाही', 'गोळी विसरले', 'गुडघेदुखीची गोळी घेतली'. डॉक्टरांना कधीकधी आकड्यांपेक्षा हा रकानाच जास्त सांगून जातो.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आई-वडील गावी, अशी घरं आता पुष्कळ आहेत. अशा मुलांनी एकदा व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना मोजताना नीट पाहावं: पाठ टेकली आहे का, हात कुठे आहे, पट्टा कपड्यावर तर नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो मागवला तरी पुरे. रोज फोन करून "किती आलं?" विचारलं की त्या फोनच्या धास्तीनेच बीपी चढतं, आणि काही आई-बाबा तुम्हाला काळजी नको म्हणून आकडा कमी करून सांगतात.

७. सरासरी काढा आणि तिचा अर्थ लावा

पहिल्या दिवसाच्या चार नोंदी सोडून द्या. नवखेपणामुळे त्या बहुधा जास्त येतात. उरल्या २४. वरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागा, खालच्यांचंही तसंच. समजा वरच्यांची बेरीज ३३३६ आली आणि खालच्यांची २०६४, तर सरासरी १३९/८६.

आता इथे एक गफलत होते. लोकांच्या डोक्यात १४०/९० ही हद्द पक्की असते, त्यामुळे १३९/८६ पाहून "चला, आत आहे" असं वाटतं. १४०/९० ही दवाखान्यातल्या मोजणीची हद्द. घरी आपण निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीची हद्द १३५/८५ धरतात. त्या हिशेबाने वरची सरासरी जास्तच आहे.

काहींचं बीपी दवाखान्यात वाढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं उलट: डॉक्टरांसमोर छान, घरी जास्त. हा दुसरा प्रकार लपून राहतो म्हणून जास्त काळजीचा, आणि घरी मोजल्याशिवाय तो बहुधा सापडत नाही. गोळ्या सुरू असताना आकडा कुठवर आणायचा, हे वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांवर ठरतं. तुमच्यासाठीचं लक्ष्य डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढून घ्या. ठोके अनियमित असले की यंत्राचे आकडेही फार वरखाली होतात, आणि ठोक्यांच्या काही बिघाडांवर स्वतंत्र उपचार लागतात.

एकदा बीपी आटोक्यात आलं की रोज मोजायची गरज नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडा, आणि गोळी बदलली असेल तर त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा, एवढं पुरे. मधल्या काळात दिवसातून दहा वेळा पट्टा बांधून बसणाऱ्यांची झोप उडते, बाकी हाती काही लागत नाही.

८. वयस्करांसाठी एक जादा मोजणी

उठल्यावर चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते असं आजी-आजोबा म्हणत असतील तर बसून मोजून झाल्यावर त्यांना उभं करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी परत मोजा. शेजारी एक माणूस धरायला हवाच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ही नोंद डॉक्टरांना लगेच कळवा. रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडणं हा म्हातारपणी फार मोठा फटका असतो, आणि गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून तो धोका बऱ्याचदा कमी करता येतो. तोवर त्यांना सांगा: झोपेतून उठताना आधी कडेला बसा, पाय हलवा, मग उभे राहा.

९. डॉक्टरांकडे काय न्यायचं

- नोंदींची वही, सरासरी ठळक लिहिलेली
- सुरू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, मेडिकलमधून परस्पर आणलेलीही
- आधीच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड
- शेवटचा ईसीजी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या: साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं प्रोटीन
- सरकारी रुग्णालयात केसपेपरसाठी आधार कार्ड

गोळ्यांच्या पट्टीतून काढून डबीत भरलेल्या गोळ्या नेऊ नका. "ती पांढरी छोटी" यावरून कुणालाच औषध ओळखता येत नाही. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव तुम्हीही वाचायला शिका. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी ती नावं असतात. तीच औषधं जन औषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्याही तिथे मोफत असतात. औषधं आयुष्यभर घ्यायची आहेत. त्यामुळे खर्च झेपत नसेल तर एकाआड एक दिवस गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगून स्वस्त पर्याय लिहून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

१०. गोळ्यांबाबत फसवणाऱ्या गोष्टी

"आकडा नॉर्मल आला, आता गोळी कशाला?" आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली की काही दिवसांत परत चढतो. काही गोळ्या, विशेषतः अ‍ॅटेनोलॉलसारख्या, अचानक थांबवल्या तर हृदयाला त्रास होऊ शकतो. कमी करायची असेल तर डॉक्टरच टप्प्याटप्प्याने करतील.

"एकादशीला गोळी चालत नाही." गोळीने उपास मोडत नाही, पाण्यासोबत घ्या. चातुर्मासात आठवड्यातून दोन-दोन उपास करणाऱ्या बायका त्या दिवशी गोळी टाळतात, मग महिन्याचे आठ दिवस गोळीविना जातात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. पोटात अन्न नसताना साखर धोकादायक उतरते.

त्रास झाला म्हणून परस्पर बंद करणारेही खूप. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. खोकल्यावर महिनोन्‌महिने सिरप पीत राहणारे असतात, आणि कारण बीपीची गोळी असते. डॉक्टरांना सांगितलं की दुसरी गोळी देता येते.

आणि ज्या गोष्टी गुपचूप बीपी वाढवतात त्या: गुडघेदुखी-कंबरदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या; बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, ज्यांत फिनाइलएफ्रिन असतं; रोज चघळलेलं ज्येष्ठमध; ॲसिडिटीवरची फसफसणारी चूर्णं, ज्यांत सोडियम असतं. यातल्या पहिल्या प्रकाराने बीपीच्या औषधाचा असर कमी होतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. मेडिकलमधून परस्पर गुडघेदुखीची गोळी आणणाऱ्या आजोबांचं बीपी का उतरत नाही, याचं उत्तर अनेकदा त्या पाकिटात असतं.

११. मिठाच्या पिशवीवर तारीख घाला

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. पण स्वयंपाकघरात ग्रॅम कोण मोजणार? मला एक सोपा उपाय सापडला. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. चार माणसांचं घर असेल तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे पिशवी ५० दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर माणशी ८ ग्रॅमच्या वर मीठ जातंय, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं, पाव, बाहेरचा वडा यांचं मीठ धरलेलंच नाही. कोकणात सुक्या मासळीचं आणखी वेगळं.

एकदम अर्धं केलंत तर घरचे ताट सरकवतील. आठवड्याला थोडं थोडं कमी करा, जीभ महिना-दोन महिन्यांत सरावते. भाताला आणि भाकरीच्या पिठाला मीठ नको. ताकात मिठाऐवजी जिरेपूड, कोशिंबिरीत लिंबू. पान वाढताना आधी मीठ वाढायची आपली रीत सणावारी जरूर पाळा, रोजच्या ताटात मात्र वरून मीठ घ्यायला नको.

सैंधव चालतं, हा समज घट्ट रुजलेला आहे. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. उपासाला चालत असेल, बीपीसाठी ते मीठच. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. निरोगी मूत्रपिंडं असणाऱ्या अनेकांना ते उपयोगी पडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही सुरू असेल, तर विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

चालणं, वजन, दारू याबद्दल तुम्हाला ठाऊक आहेच. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास.

१२. किती आकड्याला काय करायचं

हे पान वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असं.

१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं: शांत बसवा, पाच मिनिटांनी परत मोजा. तेवढंच असेल पण काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनाने जादा गोळी देऊ नका. जिभेखाली गोळी किंवा कॅप्सूल फोडून ठेवायचा जुना उपाय तर मुळीच नको. बीपी धाडकन उतरून मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, एक हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, अचानक दिसेनासं झालंय, असह्य डोकं दुखतंय, माणूस असंबद्ध बोलतोय: यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, यंत्र बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. अर्धांगवायूची शंका असेल तर तोंडात पाणी, गोळी, काहीही घालू नका. गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळात बघून लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात. ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो तिथेच न्या. आपल्या जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून त्याचं नाव आणि फोन या पानावर लिहून ठेवा.

घरात गरोदर बाई असेल तर तिच्यासाठी हद्द वेगळी आहे. १४०/९० किंवा जास्त आलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिणग्या, बरगड्यांखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर सूज यातलं काही असेल तर रात्र झाली तरी सकाळची वाट बघायची नाही. आणि बीपीची गोळी आधीपासून सुरू असताना दिवस राहिले, किंवा मूल होऊ द्यायचा विचार असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक ठरतात, त्याऐवजी गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं सुरू करून देतात.